गोजरबाईचं मानाचं इंजन

गोजरबाईच्या तोंडी लागू नये असं गावातली शहाणी माणसं सांगत, आणि तीच माणसं संध्याकाळी तिच्या ओट्यासमोरून मुद्दाम हळू चालत. तिसगावपासून कोसभर आत, डोंगराच्या अंगाला ते गाव होतं. करमणूक म्हणाल तर वर्षाला मढीची जत्रा आणि रोजची गोजरबाई. बाई सावळी, अंगानं सडसडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कोणाची खरडपट्टी काढताना हातातलं काम थांबवायची नाही. भाकरी थापता थापता तिनं एकदा ग्रामसेवकाला असं काही सुनावलं होतं की तो गडी पुढं कितीतरी दिवस तिच्या गल्लीत सायकलवरून खालीच उतरत नव्हता. भाकरी मात्र गोल झाली होती.

नवरा मच्छिंद्र नाकासमोर चालणारा. फक्त नाकासमोर जे दिसेल त्याच्या मागं तो चालत सुटायचा, एवढीच अडचण होती. एकदा मधमाश्यांच्या मागं डोंगरात गेला. एकदा तिसगावच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्यापाशी दिवसभर बसला आणि पिशवी रिकामीच घरी घेऊन आला. "आमच्या ह्यांला देवानं डोळं दिलं, पर येसन घालायची राह्यली," असं गोजरबाई म्हणायची. म्हणायची ती हसूनच, कारण माणूस मायाळू होता आणि तिचं सगळं बोलणं कान देऊन ऐकायचा. ऐकून झाल्यावर स्वतःला हवं तेच करायचा, तो भाग वेगळा.

बहात्तरच्या दुष्काळात दोघं रस्त्याच्या कामावर गेली. ती खडी फोडायला, तो रोलरला पाणी घालायला. रोलर जुना, वाफेवर चालणारा, धुराडं वर काढून डुलत जाणारा. त्याचा ड्रायव्हर गिदोन नगरच्या ख्रिस्ती वस्तीतला. जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायचा आणि डोळे उघडले की लगेच कोणाची तरी थट्टा सुरू करायचा. त्या साली सगळी माणसं आभाळाकडं बघत होती आणि मच्छिंद्र रोलरकडं. भट्टीत लाकूड कसं सारायचं, काचेच्या नळीत पाणी कुठवर हवं, वाफ किती चढली की चाक हलतं, हे सगळं त्यानं गिदोनकडून शिकून घेतलं. रात्री जेवताना तो ते गोजरबाईला समजावून सांगायचा. ती म्हणायची, "माझ्याबी डोक्यात वाफ झालीया. भाकर खावा आन गप ऱ्हावा."

बैलजोडीही त्याच साली गेली. गुलब्या छावणीत बसला तो उठलाच नाही. राहिलेल्या बाण्याला, तोही डोळ्यांदेखत पडू नये म्हणून, वाटेवरच्या व्यापाऱ्याला देऊन टाकलं. त्या दिवशी गोजरबाई कोणाला काही बोलली नाही, तेव्हा गावाला कळलं की बाईच्या जिव्हारी लागलंय.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. बाजरी कमरेला लागली आणि पोळा तोंडावर आला. खरी चिंता या पोळ्याचीच होती. त्या गावात पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधत, आणि त्याखालून पहिला जाई तो मानाचा बैल. मान एकाच भावकीतल्या दोन घरांत होता. एक साल मच्छिंद्रच्या घराचा, पुढचं साल त्याचा चुलतभाऊ आप्पासाहेब याच्या घराचा. नियम वाडवडलांचा. आपल्या साली जो स्वतःचं जनावर घेऊन वेशीत उभा राहणार नाही, त्याचा मान दुसऱ्या घरी जाणार आणि परत येणार नाही. उसना बैल चालत नसे. दुष्काळात तोरणच बांधलं नव्हतं, त्यामुळं ते साल कोणाच्या खात्यात धरलं नाही. यंदाचा मान मच्छिंद्रचा होता आणि त्याच्या दावणीला दाव्याशिवाय काही नव्हतं.

मानाच्या बैलाला वेशीच्या आतल्या अंगाला घरची बाई ओवाळत असे. गोजरबाई नवी नवरी होती तेव्हापासून तिथं सासूच्या मागं उभी राहिली, सासू गेल्यावर स्वतः ताट घेऊन उभी राहिली. तिच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. पोटी पोरबाळ नव्हतं. गावात हक्कानं उभं राहायला तिला ती एवढीच जागा होती. "मानानं काय प्वाट भरतंय?" असं ती चारचौघांत म्हणायची खरी, पण ओवाळायचं ताट तिनं चिंच लावून घासून केव्हाच कोनाड्यात उभं करून ठेवलं होतं.

म्हणून रस्त्याच्या कामावरची पुरचुंडी मच्छिंद्रच्या कमरेला बांधून तिनं त्याला घोडेगावच्या बाजाराला धाडला. जोडी परवडणार नव्हती. एक बैल आणा, पण घरचा आणा, असं बजावलं. "आन वाटंत कायबी दिसलं तरी बघू नका," हेही सांगितलं.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या पोरींनी ओरड केली की मच्छिंद्रकाका जनावर घेऊन आले. गोजरबाई उठली. नवा बैल दारात आला की त्याच्या पायावर पाणी घालून, कुंकू लावून त्याला आत घ्यायचा. तिनं घाईनं तांब्या भरला, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि खाली मान घालून अंगणात आली. कासरा दिसला, तो धरलेला नवऱ्याचा हात दिसला. तिनं पायावर पाणी ओतलं. पाणी लोखंडावर वाजलं तेव्हा तिनं मान वर केली.

समोर रोलर होता. म्हणजे रोलरचं वासरू म्हणा. उंचीला साल-दीड सालाच्या गोऱ्ह्याएवढं. मागं दोन मोठी चाकं आणि त्यांच्यामधे पत्र्याची टाकी, पुढं दोन लहान चाकं, वर बोटभर पट्टीचं पितळी कडं घातलेलं धुराडं. पुढच्या दांडीला मच्छिंद्रनं कासरा बांधला होता आणि मागून गिदोन ड्रायव्हर घामाघूम होऊन ढकलत होता.

"ह्ये काय?" गोजरबाईनं विचारलं.

"इंजन हाय," मच्छिंद्र म्हणाला.

"त्ये दिसतंय. बैल कुठाय?"

"ह्योच," मच्छिंद्र म्हणाला आणि दोन पावलं मागं सरकला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुष्काळातनं जगली वाचली तेवढ्याच जनावरांना यंदा सोन्याचा भाव आला होता. पुरचुंडीत एक बैल बसत होता, पण तो एका डोळ्यानं अधू आणि दुसऱ्या डोळ्यानं रागीट. मच्छिंद्र हिरमुसला. घरी यायचं सोडून तो नगरला गिदोनला भेटायला गेला. गिदोनचा बाप पूर्वी एका विलायती साहेबाचा खानसामा होता. त्या साहेबानं बंगल्याच्या मागं बसून, फावल्या वेळात स्वतःच्या हातानं हे इंजन घडवलं होतं. विलायतेत शेतावर मळणीला असली थोराड इंजनं चालत, त्याची ही लहान नक्कल. साहेब देशी परत जाताना ते खानसाम्याला देऊन गेला. गिदोनच्या पडवीत ते तेव्हापासून उभं होतं आणि त्याच्या बायकोला, दीनाला, त्या जागी कोंबड्या पाळायच्या होत्या. मच्छिंद्रनं पुरचुंडी गिदोनच्या हातावर ठेवली, आणि तिसगावपर्यंत मालट्रकात घालून पुढचा कोसभर दोघांनी ते ओढत-ढकलत आणलं.

"दीनाच्या कोंबड्यापायी माझा बैल गेला म्हना की," गोजरबाई म्हणाली.

"वैनी, बैल चारा खातोय, ह्ये नुसतं बाभळीचं लाकूड खातंय," गिदोन म्हणाला. "आजारी पडत न्हाई, उधळत न्हाई, शिंगं मारत न्हाई."

"दूध देतं का?"

"बैल तरी कुठं देतोय?"

तिनं दोघांना जेवायला वाढलं. वाढलं ते आमटीत मीठ न घालता. गिदोननं प्रार्थना केली, पहिला घास घेतला आणि पुन्हा एकदा डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात इंजन पेटवलं. अर्धं गाव कुंपणाशी गोळा झालं. मच्छिंद्रनं बॉयलरवरची टोपी काढून पाणी भरलं, भट्टीत शेणी आणि बारीक काटक्या लावल्या, मग बाभळीच्या ढलप्या. बराच वेळ नुसता धूर झाला आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग कुठंतरी आत सूं सूं सुरू झालं. घड्याळासारख्या चकतीतला काटा हलला. मच्छिंद्रनं मूठ ओढली आणि ते रोलरचं वासरू भस् भस् करत अंगणात चालू लागलं. हसणं थांबलं. गोजरबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती, ती वळून बघू लागली. नवऱ्याच्या तोंडावर असा आनंद तिनं लग्नातही बघितला नव्हता, आणि याचा तिला थोडा रागच आला.

तेवढ्यात गिदोनला राहवलं नाही. त्यानं शिट्टीची तार ओढली.

ती शिट्टी अंगाच्या मानानं फारच मोठी होती. गल्लीतल्या कोंबड्या घरांच्या धाब्यांवर चढल्या. पलीकडच्या वाड्यात आप्पासाहेबाची नवी खिलार जोडी, हरण्या आणि पाखऱ्या, बांधलेली होती. ती खुंट्यांसकट निघाली आणि मारुतीच्या देवळामागच्या वांग्यांतून नाचत गेली. बैल परत सापडेस्तोवर दुपार झाली. गिदोन तोवर शहाणपणानं एसटीच्या वाटेला लागला होता, कारण शेवगावच्या रस्त्यावर त्याचा मोठा रोलर वाट बघत होता.

आप्पासाहेब दारात आला. वयानं मच्छिंद्रपेक्षा लहान, पोटानं मोठा, कपडे नेहमी पांढरेशुभ्र. माणूस वाईट नव्हता. पण चांगलं काही घेतलं की ते चार लोकांनी बघितल्याशिवाय त्याला ते घेतल्यासारखं वाटत नसे. त्यानं इंजनाला एक फेरी मारली.

"दादा, खेळनं झ्याक हाय," तो म्हणाला. "आता पोळ्याचं काय? माझ्या हरण्याला मानाचं बाशिंग सांगून ठिवू का नगरला?"

गोजरबाई रात्रभर त्या इंजनाला शिव्या घालत कूस बदलत राहिली होती. सकाळी ते विकून टाकायचा बेतही तिनं पक्का केला होता. पण आप्पासाहेबाच्या तोंडून बाशिंगाचं नाव निघालं आणि तिच्या जिभेनं बेताची वाट बघितली नाही.

"बाशिंग सांगाच भावजी," ती म्हणाली. "फकस्त माप जरा बारीक सांगा. आमच्या धुराड्याला बसलं पायजे."

गावात संध्याकाळच्या आत ही गोष्ट तीनदा फिरून आली.

निवाडा कानिफनाथतात्यांकडं गेला. तात्या म्हणजे दरसाल तोरण बांधणारे. भुवयासुद्धा पिकलेल्या, कानानं थोडे कमी, आणि गावातली सगळी भांडणं त्यांना मिठाईसारखी आवडत. मारुतीच्या पारावर माणसं बसली. बायका देवळाच्या भिंतीआड उभ्या राहिल्या. भिंत गोजरबाईच्या आवाजाच्या मानानं बारीकच होती.

"बैल म्हंजी काय, त्ये आदी ठरवा," तात्या म्हणाले.

"चार पाय," आप्पासाहेब म्हणाला.

"चार चाकं हायती," भिंतीआडून आवाज आला.

"बैल पानी पितो, चारा खातो."

"ह्योबी पानी पितो. लाकूड खातो. खाल्लं की मागनं राख टाकतो. आजून काय दावू?"

पारावर हशा झाला. तात्यांनी हात वर केला. आप्पासाहेब मात्र हुशार होता, त्यानं पेच टाकला. "बरं, बैलच हाय म्हनू. मग पोळ्याला बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. त्यो राबत न्हाई. ह्ये इंजन तर राबल्याबिगर एक पाऊल हालत न्हाई. राबलं तर पोळा मोडला. न्हाई राबलं तर येशीत येतंय कसं?"

मच्छिंद्र आयुष्यात पहिल्यांदा पारावर बोलला.

"तात्या, बैल येशीत चालत येतोय. त्याला कोनी राबनं म्हनत न्हाई. मागं गाडी न्हाई, नांगर न्हाई. ह्येबी नुसतं चालंल."

तात्यांनी बराच वेळ मिशी चोळली. मग निकाल दिला. इंजन बैल धरायला हरकत नाही, पण तीन गोष्टी सांभाळायच्या. शिट्टी वाजवायची नाही. मागं काही ओढायचं नाही. आणि तोरणाखालून आपल्या पायानं जायचं. "मान्सानं ढकाललं तर त्यो बैल न्हाई, हातगाडा," तात्या म्हणाले. "मग मान आप्पाच्या घरी. कायमचा."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होती. जू ठेवून ठेवून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून त्या दिवशी तो हळद-तुपानं चोळतात. गोजरबाई वाटी घेऊन इंजनापुढं उभी राहिली आणि अडली.

"ह्याचा खांदा कंचा?"

मच्छिंद्रनं डोकं खाजवलं. मग बॉयलरच्या पाठीवर, धुराड्याच्या मागं हात ठेवला. तिनं तिथं हळद-तूप चोळलं. लोखंड गार होतं. चोळता चोळता तिचा हात सवयीनं खाली, बैलाच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीकडं गेला आणि तिथं पोळी नव्हती. मग ती उरलेलं तूप चारी चाकांना सारखं लावून आत गेली.

पोळ्याच्या सकाळी मच्छिंद्रनं इंजन धुतलं, चाकांच्या कडेला बेगड चिकटवली, धुराड्याला गोंडे बांधले. झूल घालू दिली नाही, जळेल म्हणाला. मग त्यानं बॉयलरवरची टोपी काढली, पाणी भरायचं काम गोजरबाईला सांगितलं आणि स्वतः सुकी लाकडं बघायला मळ्यात गेला. "सोच्छ पानी घाला, फडक्यानं गाळून," एवढं त्यानं दोनदा बजावलं.

त्या भावकीत एक रीत होती. पोळ्याला बैल बाहेर काढायच्या आधी घरच्या बाईनं त्याला गुळाचं पाणी पाजायचं. वर्षभर त्यानं खारं-मचूळ प्यायलेलं असतं, तेवढा एक दिवस तरी त्याचं तोंड गोड व्हावं, असं थोरली आजी म्हणायची. तिच्यापासून ते दोन्ही घरांत चालत आलं होतं. गोजरबाई आडावरून कळशी घेऊन आली. गोठ्यात इंजन एकटं उभं होतं, गोंडे बांधलेलं, हळद लावलेलं, तोंड वर करून. राग एकीकडं आणि सण एकीकडं. तिनं घरात जाऊन गुळाची ढेप फोडली, चांगला मोठा खडा कळशीत विरघळवला, आणि नवऱ्यानं सांगितलं होतं तसं स्वच्छ फडक्यानं गाळून सगळं पाणी त्या टोपीच्या भोकातून आत ओतलं.

"पी रं गुलब्या," ती म्हणाली, आणि नाव चुकलं हे कळूनही तिनं ते बदललं नाही.

मच्छिंद्र आला. काचेच्या नळीत पाणी तांबूस दिसत होतं. पावसाळ्यात आडाचं पाणी गढूळच असतं, तेव्हा त्यानं काही विचारलं नाही. भट्टी पेटली.

तिसऱ्या प्रहरी सगळे बैल गावाबाहेर ओढ्याकाठी जमले. हडकुळे, नवे, जुने, काही घरांचा तर एकटाच. पण शिंगं सगळ्यांची रंगवलेली. सगळ्यांत पुढं इंजन, त्यामागं आप्पासाहेबाची खिलार जोडी. आप्पासाहेबानं नगरहून झुली आणल्या होत्या, तिसगावची सनई आणली होती, स्वतः गुलाबी फेटा बांधला होता. मच्छिंद्र एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातात इंजनाची मूठ धरून बाजूनं चालत होता. सपाटीला इंजन अगदी शहाण्या जनावरासारखं चाललं. सनईवाल्यांनीसुद्धा त्याच्या भस् भस् वर ताल धरला.

गोजरबाई वेशीच्या आत ताट घेऊन उभी होती. वेशीकडं थोडा चढ आहे. चढ लागला तसा मच्छिंद्रनं मूठ आणखी ओढली.

इंजनानं एक उचकी दिली. मग धुराड्यातून धुराबरोबर कसलासा फेस आला. मग फेसाचं कारंजं झालं. आतलं पाणी उकळून फेसाळलं होतं आणि वाफेबरोबर वर येत होतं, काजळी घेऊन, तांबडंकाळं, चिकट. इंजन प्रत्येक पावलाला थुंकू लागलं. वारा मागचा-पुढचा कसा होता देव जाणे, पण पहिला फवारा बरोबर आप्पासाहेबाच्या फेट्यावर गेला. दुसरा सदऱ्यावर. सनईवाल्यांच्या गालांवर ठिपके उठले. झुली चितारल्यासारख्या झाल्या. एक थेंब वेशीच्या आत उडून गोजरबाईच्या ओठावर पडला. तिनं तो जिभेनं पुसला आणि तिला सगळं कळलं.

नळीतलं पाणी तळाला गेलं तसं मच्छिंद्रनं भट्टीतला जाळ घाईनं खाली ओढला, वर घमेलंभर पाणी मारलं, चाकं मोकळी केली आणि मागं घसरू नये म्हणून चाकाला दगड लावला. इंजन थांबलं. तोरण त्याच्या पुढच्या चाकांपासून दोन हातांवर होतं.

मच्छिंद्रचा हात ढकलायला पुढं गेला आणि तात्यांकडं बघून मागं आला. तो गोजरबाईकडं बघायचंच टाळत होता, आणि तिला वाटत होतं की जमीन दुभंगावी. आपल्या हातानं आपण मान घालवला. तोही गुळात कालवून.

"दादा, बाजूला घे," आप्पासाहेब तोंड पुसत म्हणाला. त्याच्या आवाजात फार आनंद नव्हता, पण तो हरण्याला पुढं घ्यायला लागला.

हरण्या पुढं आला. आला तो तोरणाकडं बघत नव्हता. त्यानं इंजनाच्या मागच्या टाकीला नाक लावलं, हुंगलं, आणि लांबलचक जीभ काढून चाटलं. एकदा चाटलं आणि त्याचे डोळे मिटले. पाखऱ्यानं दुसऱ्या अंगानं मान घातली. मागच्या चाकांवर, टाकीवर, सगळीकडं गुळाचे ओघळ होते. आप्पासाहेबानं कासरा ओढला. हरण्यानं तो आप्पासाहेबासकट ओढला. टाकीच्या खालच्या कोपऱ्यात पाक साचला होता, तिथं जीभ पोचेना, म्हणून हरण्यानं कपाळ लावून रेटा दिला. चाक हललं. पाक पुढं गेला. हरण्याही पुढं गेला. मागची दोन-चार जनावरंही वासानं चुळबुळू लागली.

"मागं ओढा रं त्याला," आप्पासाहेब म्हणाला. सनईवाले मदतीला धावले, पण खिलार बैलाला गोडापासून मागं ओढणं हे सनईवाल्यांचं काम नव्हे. पाखऱ्यानंही कपाळ लावलं. दोघांनी मिळून, चाटत आणि रेटत, ते इंजन तोरणाखालून सरळ गोजरबाईच्या ताटापुढं आणून उभं केलं.

"तात्या, ह्ये चालत न्हाई," आप्पासाहेब कासऱ्याच्या शेवटाला लोंबकळत म्हणाला.

तात्या भुवया वर करून सगळं बघत होते. "मान्सानं हात लावला का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," सगळे म्हणाले.

"बैलानं बैलाला येशीत रेटलं तर आपुन काय म्हनतो? गर्दी झाली म्हनतो. पुढचा पुढंच ऱ्हातोय." तात्यांनी नारळ उचलला. "मान मच्छिंद्राचा. वाजवा."

सनई वाजली. गोजरबाईनं इंजनाला कुंकू लावलं, ओवाळलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. ते दोन्ही एकदम लपवायला तिच्याकडं पदर एकच होता.

आप्पासाहेब तिच्यासमोर येऊन उभा राहिला. फेट्यावरून एक काळा ओघळ त्याच्या कानापर्यंत आला होता आणि त्यावर माशी बसली होती.

"वैनी, पान्यात काय घातलं हुतं?"

"गूळ."

"इंजनाला गूळ?"

"आपल्या घरची रीत हाय ना, भावजी. भाईर काढायच्या आदी गुळाचं पानी पाजायचं. थोरल्या आजीनं मला एकटीला सांगितलं न्हवतं." तिनं हरण्याकडं बघितलं. तो अजून टाकी चाटत होता. "तुमी पाजलं का सकाळी ह्यास्नी?"

आप्पासाहेबानं सकाळपासून काय काय केलं ते आठवून बघितलं. झुली नगरहून आणल्या होत्या, शिंगांना दोन रंग दिले होते, सनई सांगितली होती, फेटा तीन वेळा बांधून बघितला होता.

"पाजलं असतं," गोजरबाई म्हणाली, "तर ह्ये माझ्या इंजनाच्या मागं लागलं असतं का?"

बोलताना तिचा आवाज नेहमीसारखा तिखट नव्हता, आणि त्यामुळंच आप्पासाहेबाला तो जास्त लागला. तिनं ताटातली पुरणपोळी उचलली. मानाची पोळी मानाच्या बैलाची. इंजनापुढं तिनं ती क्षणभर धरली, मग मोडून अर्धी हरण्याला आणि अर्धी पाखऱ्याला दिली.

आप्पासाहेब बघत राहिला. नंतर त्यानं आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहून हळूच विचारलं, "गूळ उरलाय का वैनी, घरी?"

"ढेपच फोडलीया. चला घिऊन त्यास्नी."

त्यानं हरण्याचा कासरा तिच्या हातात दिला. पाखऱ्याचा स्वतः धरला. मच्छिंद्रनं आणि सनईवाल्यांनी मागून इंजन ढकलायला घेतलं, आता हातगाडा म्हटलं तरी कोणाची हरकत नव्हती. गोजरबाई कासरा धरून पुढं निघाली, आणि हरण्या तिच्या पदराला लागलेला गूळ चाटत तिच्या मागं चालत राहिला.